मदत हवी आहे : परंपरागत कृषी विकास योजनेचे अनुदान आणि सामाईक सातबारा

सर्वांना नमस्कार.

अमरावती जिल्ह्यात आमची चार एकर कोरडवाहू जमीन असून तीवर आम्ही कपाशी आणि तूर घेतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही सेंद्रिय शेतीसाठी असलेल्या केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेच्या शेतकरी गटात सामील झालो आणि तेव्हापासून रासायनिक खते व फवारणी पूर्णपणे बंद केली. योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपयांची तरतूद असली, तरी त्यातील १५,००० रुपयेच सेंद्रिय निविष्ठांसाठी शेतकऱ्याच्या खात्यावर थेट जमा होतात, म्हणजे एकरी वर्षाला साधारण २,००० रुपये. जीवामृत (शेण-गोमूत्राचे द्रवखत) आणि दशपर्णी अर्क (पानांपासूनचे कीडनाशक) बनवण्याची मजुरीच त्याहून अधिक होते, आणि पहिल्या वर्षी घटलेल्या कापसाची भरपाई तर कोठेच धरलेली नाही. तरीही जमीन सुधारते आहे, म्हणून मागे फिरायची आमची इच्छा नाही.

अडचण अशी की, सातबारा माझ्या व पुण्यात राहणाऱ्या धाकट्या भावाच्या नावे सामाईक असल्याने दुसरा हप्ता अडला आहे. आधार बँक खात्याशी जोडलेले आहे. भावाचे संमतिपत्र साध्या कागदावर चालते, की प्रतिज्ञापत्रच लागते? शिवाय, शेजारच्या शेतातील फवारणी वाऱ्याने आमच्या तुरीवर येते. सहभाग हमी पद्धतीच्या (गटातील शेतकरीच एकमेकांची शेते तपासून सेंद्रिय प्रमाणपत्र देतात, त्या पद्धतीच्या) तपासणीत त्यामुळे संपूर्ण गटाचे प्रमाणपत्र धोक्यात येऊ नये, यासाठी बांधालगत किती पट्टा सोडावा आणि त्यात काय लावावे? ज्यांनी तीन वर्षे पूर्ण केली आहेत, त्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सविस्तर लिहावा.