मदत हवी आहे: रक्तगट आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर

बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता, रक्तगट ए. माझाही ए, धाकट्या भावाचा ओ. (तो आता उगाच निर्धास्त झालाय!)

वाचनात आलं की रक्तगट ठरवणारं एबीओ जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं आणि 2009 च्या जनुकीय अभ्यासात त्याचा या कॅन्सरशी संबंध दिसला. ओ गटात धोका थोडा कमी. पोटाचा कॅन्सर आणि ए गट यांचा संबंध तर 1953 पासून नोंदलेला आहे.

आईचा गट ओ, म्हणजे माझ्याकडे ए-ओ अशी जोडी. ए-ए असणाऱ्यांपेक्षा माझा धोका कमी धरायचा का? की रक्तगट सोडून बाबांच्या आजारामुळे जनुकीय समुपदेशन घ्यावं? सिगारेट सोडलीय. कुणी समुपदेशकाकडे गेलं असेल तर तिथे नेमकं काय विचारतात, सांगाल का?