मदत हवी आहे: वर्गात नोट्स नेमक्या कशा घ्यायच्या?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. लेक यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. सर समजावतात गुजरातीत, फळ्यावर लिहितात इंग्रजीत आणि हिचं डोकं चालतं मराठीत! वही बघवत नाही.

काल घसाऱ्याचं (म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी घटते, त्या हिशेबाचं) पान पाहिलं. १ लाखाचं यंत्र, दर १० टक्के. सरळ रेषा पद्धतीत दरवर्षी १०,००० वजा, ते नीट उतरवलंय. घटत्या शिल्लक पद्धतीत दुसऱ्या वर्षी ९,००० येतात, तिथे नुसता आकडा आणि एक बाण, तोही कुठेच पोचत नाही. पहिल्या वर्षानंतर उरलेल्या ९० हजारांवर १० टक्के काढायचे, हे सरांनी तोंडी सांगितलं असणार. नेमकं तेच गाळलं.

कॉर्नेल पद्धतीबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात काढलेली. डावीकडे साधारण ६ सेंटिमीटरची पट्टी प्रश्नांसाठी, उजवीकडे नोंदी, तळाला सारांश. थिअरीला ठीक, पण अकाउंट्सच्या गणितात त्या पट्टीत लिहायचं काय?

(फळ्याचे फोटो काढ, असं कृपया सुचवू नका. मोबाइलमध्ये ढिगाने पडलेत, उघडतंय कोण!)

कॉमर्स शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी सांगा: तिन्ही भाषा मिसळून लिहिलं तर परीक्षेत गोंधळ होतो का? घरी आल्यावर वही पुन्हा उतरवायची की त्याच पानात भर घालायची? कुणी आपल्या जुन्या वहीचं एखादं पान दाखवलंत तर फारच बरं होईल.