मदत हवी आहे: पाचटातून साखर सुटते, पण इथेनॉल होत नाही

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला, एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे ऊस तुटला की हिरवं वाढं जनावरं खातात, वाळल्या पाचटाला तोंड लावत नाहीत. मग ते पेटवतात. लहानपणापासून तो धूर बघतोय, म्हणून प्रकल्पाला पाचटापासून इथेनॉल हाच विषय घेतला.

पाचट बारीक करून २ टक्के कॉस्टिक सोड्यात उकळलं. लिग्निन (पाचटाला कडकपणा देणारा घटक) सुटून पाणी काढ्यासारखं काळपट झालं. नितळ पाणी येईपर्यंत धुतलं. पाचटातलं सेल्युलोज फोडून साखर करणारं विकतचं एन्झाइम परवडत नाही, म्हणून ते तयार करणारी ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली. (शेतात सोडतो त्या ट्रायकोडर्माच्याच भावकीतली.) पांढरी बुरशी हिरवी पडल्यावर अर्क काढला आणि पाचटात घालून ४.८ सामूला, ५० अंशांवर ४८ तास ठेवलं. डीएनएस चाचणीत (रंगावरून साखर मोजतात ती) साखर चांगली दिसते.

पण यीस्ट टाकलं की पहिल्या रात्री थोडे बुडबुडे, मग सगळं थंड. तेच यीस्ट गुळाच्या पाण्यात फसफसून येतं, म्हणजे यीस्टमध्ये खोट नाही.

माझा संशय असा: डीएनएस ग्लुकोजबरोबर झायलोज आणि सेलोबायोज (ग्लुकोजची जोडसाखर) याही साखरा मोजते, आणि साधं यीस्ट दोन्ही पचवत नाही. रीसीत सेलोबायोज फोडून ग्लुकोज करणारं एन्झाइम, बीटा-ग्लुकोसिडेज, मुळात कमी. मग अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीचा अर्क (तिच्यात ते जास्त असतं) मिसळू का? किती? कुणी स्वतः करून पाहिलंय का?

आणि सांगली-कोल्हापूरकडे बाहेरच्या विद्यार्थ्याला एचपीएलसी (कुठली साखर किती, हे वेगवेगळं मोजणारी तपासणी) कुठे करून देतात? एप्रिलमध्ये प्रकल्प जमा करायचाय. कृपया सांगा.