कूलंट बदलल्यापासून गाडी गरम होतेय, तातडीने मदत हवी

सातपूरकर
रविवारी घरीच कूलंट बदललं. जुनं काढलं, पाण्याने दोनदा धुतलं, नवीन हिरवं भरलं. आता अंबडपर्यंत गेलो तरी काटा वर चढतो. आधी कधीच अर्ध्याच्या वर जात नव्हता. शनिवारी कल्याणला साखरपुडा आहे, घरचे पाच जण. काय चुकलं असेल? "गॅरेजला ने" सांगू नका, तेवढं मलाही कळतं.

द्राक्षवाला_निफाड
गाडी कुठली ते सांगाल का भाऊ? की ट्रॅक्टर धरून चालू?

सातपूरकर
कार हो. पेट्रोल, 2014 ची.

स्पॅनर१३
किती निघालं, किती आत गेलं? फॅन लागतो का? हीटर लावून पाहिलात का?

सातपूरकर
निघालं साडेतीन लिटरच्या आसपास, बादलीच्या अंदाजाने. गेलं अडीच. काठोकाठ आलं म्हणून झाकण लावलं. फॅन लागतो. हीटर कशाला लावू? मे महिना आहे!

स्पॅनर१३
साडेतीन निघालं आणि अडीच गेलं, मग उरलेल्या लिटरच्या जागी काय आहे? हवा. एअर पकडलीय. हीटर लावा म्हणजे कळेल. काटा वर आणि हीटरची हवा गार, तर गरम पाणी तिथपर्यंत पोचतच नाहीये.

देवळालीचे काका
थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. माझ्या जुन्या जीपचा काढला होता, वीस वर्षं मखमलीसारखी चालली.

स्पॅनर१३
काका, जीपची गोष्ट वेगळी. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेतली झडप, साधारण 82 ते 88 अंशांना उघडते, ती नसेल तर इंजिन नीट तापतच नाही. या गाडीत कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटणार, तो पेट्रोल जास्त सोडणार. मायलेज बोंबलणार.

देवळालीचे काका
वीस वर्षं चालली म्हटलं ना.

पंचवटी_पॉइंट
मुळात कूलंट हवंच कशाला? नाशकात काय बर्फ पडतो? मी साधं पाणी टाकतो.

द्राक्षवाला_निफाड
जानेवारीत या आमच्याकडे, बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवतो आम्ही. पण गोठण्याचं सोडा. बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात, गंज धरतो. माझ्या पिकअपचा रेडिएटर असाच गेला.

स्पॅनर१३
सातपूरकर, कॅनवर "रेडी टू यूज" आहे की "कॉन्सन्ट्रेट"?

सातपूरकर
कॉन्सन्ट्रेट. जास्त स्ट्राँग तर जास्त चांगलं ना?

स्पॅनर१३
नाही. ग्लायकॉलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनापेक्षा, पाणी जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून अर्धं-अर्धं. निव्वळ ग्लायकॉल उणे 13 च्या आसपास गोठतं आणि निम्मं पाणी घातलेलं थेट उणे 37 ला, म्हणजे बघा. गरमीचं म्हणाल तर ते मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाने त्याहून बरंच वर. आणि तुमच्या ब्लॉकमध्ये धुतल्याचं पाणीही उरलं असणार, म्हणजे आत काय प्रमाण आहे ते देवालाच ठाऊक. पुन्हा काढा. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा.

मांजरवाली_इंदिरानगर
जुनं कुठे ओतलंत? गटारीत नाही ना? तुमच्याकडचं सगळं नासर्डीत जातं, तिथून गोदावरीत.

सातपूरकर
बादली पार्किंगमध्येच आहे.

मांजरवाली_इंदिरानगर
आत्ता उठा आणि झाकून ठेवा! ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्या किडन्या निकामी होतात.

सातपूरकर
झाकली. आता हवा कशी काढायची ते कोणी सांगेल का?

स्पॅनर१३
इंजिन पूर्ण गार असताना, एरवी झाकणाला हात लावायचा नाही, चेहरा भाजेल. गाडीचं नाक चढावर. हीटर फुल गरमवर. मिश्रण हळूहळू ओतायचं, वरचा होज पाइप हाताने दाबत राहायचं, बुडबुडे येतील. मग झाकण उघडं ठेवूनच गाडी चालू करा, पाणी खाली गेलं की भरत राहा. पाइप गरम झाला की हात काढा, वर उसळायला लागलं की झाकण लावा. फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी बघा. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, पुस्तकात पाहा.
आणि एक राहिलंच, मुळात बदललं का?

सातपूरकर
बाटलीतली पातळी दर पंधरा दिवसांनी खाली जायची. वाटलं जुनं झालं असेल.

द्राक्षवाला_निफाड
हे सगळ्यात आधी सांगायचं होतं भो!

स्पॅनर१३
कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. कुठेतरी गळतंय, नाहीतर इंजिनात जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा आहे का? इंजिन तापल्यावरही पांढरा धूर?

सातपूरकर (गुरुवार रात्र)
सोसायटीच्या रॅम्पवर पुढची चाकं चढवली. वीस मिनिटं नुसते गुडगुड बुडबुडे. आधी अडीच गेलं होतं, या वेळी तीन लिटर तीनशे. काटा मध्यावर, फॅन लागतो-बंद होतो. हीटर तापून घामाने अंघोळ झाली. चिकटा नाही, धूर नाही. पण वॉटर पंपाखाली हिरवट-पांढरं काहीतरी सुकलेलं दिसलं.

स्पॅनर१३
पंपाचं सील गेलंय. पंपाच्या बारीक भोकातून गळून ते तिथे सुकतं. कल्याणला जाताना कसारा घाट उतरणीचा आहे, जाल. पण येताना पाच माणसं, एसी आणि पूर्ण चढ. मी तरी नेणार नाही.

देवळालीचे काका
थर्मोस्टॅट काढा, काही होत नाही.

सातपूरकर
आई म्हणते पंचवटी एक्स्प्रेसने जाऊ. पंपाचं सोमवारी बघतो.

पंचवटी_पॉइंट
नाशिकरोडला लवकर पोचा आणि पासवाल्यांच्या डब्यात चढू नका, वाद होतात.

हवाहवाई
धागा पूर्ण वाचला नाही, पण टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या, उन्हाळ्यात खूप फरक पडतो.