ओहमचा नियम: चार गटांची चार उत्तरं येतात, नेमकं चुकतंय कुठे?

रानवाट
नववीला ‘धाराविद्युत’ शिकवतोय. तारेच्या टोकांमधलं विभवांतर (V) आणि तिच्यातला प्रवाह (I) मोजून V/I म्हणजे रोध (R) काढायचा, असा प्रयोग आहे. वर्गात ४४ मुलं, तास ३५ मिनिटांचा. साहित्याचे चार संच आहेत: ०–३ व्होल्टचा व्होल्टमीटर, ०–५०० मिलिअँपिअरचा अमीटर, प्लग कळ, टॉर्चचे मोठे सेल आणि २८ गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) नायक्रोम तार प्रत्येकी १ मीटर. रिओस्टॅट (सरक हलवून प्रवाह कमीजास्त करायचा बदलता रोध) मात्र दोनच चालू आहेत. तार एकाच रिळातली असूनही एका गटाचा रोध ८ ओहम येतो, दुसऱ्याचा १४. आलेखाची रेषाही आरंभबिंदूतून जात नाही. रिओस्टॅट नसलेल्या गटांसाठी सेल वाढवत नेले, तर तिसऱ्याच सेलला व्होल्टमीटरचा काटा पट्टीबाहेर जातो. याच साहित्यात प्रयोग नीट कसा बसवावा?

प्रयोगवही
सर, २८ गेजच्या नायक्रोमचा रोध मीटरला साधारण १० ओहम असतो. म्हणजे ८ आणि १४ ही दोन्ही उत्तरं चुकलेली आहेत, पण दोघांची कारणं वेगळी आहेत.

आधी ८ ओहम. मुलं बहुतेक तार पेन्सिलीवर किंवा पट्टीवर गुंडाळत असणार. नायक्रोमवर लेप नसतो. शेजारचे वेढे एकमेकांना टेकले की प्रवाह मधूनच पलीकडे जातो आणि तारेची लांबी आपोआप कमी होते. ५० सेंमीची लाकडी पट्टी घ्या. तिच्या एका टोकाला एक स्क्रू आणि दुसऱ्या टोकाला बोटभर अंतरावर दोन स्क्रू मारा. तार एका स्क्रूवरून नेऊन पलीकडच्याला वळसा घालून परत आणा. १ मीटर तार बसते आणि कुठे टेकत नाही.

१४ ओहमच्या गटात मला सैल जोडणीचा संशय आहे. व्होल्टमीटरच्या क्लिपा जोडतारेवर लावल्या तर नायक्रोमबरोबर सैल किंवा गंजलेल्या जोडाचं विभवांतरही मोजलं जातं, आणि रोध फुगतो. म्हणून मगरचिमट्यांचा नियम एकच ठेवा: व्होल्टमीटरचे दोन्ही चिमटे थेट नायक्रोमवर, मुख्य जोडांच्या आतल्या बाजूला. मग बाहेर कुठे जोड सैल असला तरी प्रवाह आणि विभवांतर दोन्ही सारख्या प्रमाणात कमी होतात, गुणोत्तर बिघडत नाही. दोन चिमट्यांमधली लांबी मोजून वहीत लिहायला लावा. ९० सेंमी असेल तर ९ ओहम हेच बरोबर उत्तर आहे.

तांब्याची तार
वरच्याशी सहमत. आरंभबिंदूबद्दल थोडं सांगतो, कारण मुलं इथेच रेषा ओढूनताणून शून्यातून नेतात.

कळ उघडी असताना अमीटरचा काटा बघा. समजा तो +१० मिलिअँपिअरवर उभा आहे. तार बरोबर १० ओहमची धरली, तर १ व्होल्टला खरा प्रवाह १००, पण वाचन ११०, रोध ९.१ ओहम. ३ व्होल्टला ३०० ऐवजी ३१०, रोध ९.७. काटा शून्याच्या खाली १० वर असेल तर हेच उलटं होतं: ११.१, मग १०.३. म्हणून तक्त्यातला V/I चा रकाना वरून खाली वाचावा. किंमत एकाच दिशेने सरकत असेल तर शून्यदोष (प्रवाह नसतानाही काटा शून्यावर नसणं), वरखाली उड्या मारत असेल तर सैल जोड. ही एक ओळ मुलांना पक्की झाली तरी प्रयोग सार्थकी लागला असं मी म्हणेन. शून्यदोष मीटरच्या दर्शनी भागावरच्या लहान स्क्रूने काढता येतो. स्क्रू अडकलेला असेल तर प्रत्येक वाचनातून तेवढं वजा करा.

आलेखात V उभ्या अक्षावर घेतला तर चढ म्हणजे R, आडव्या अक्षावर घेतला तर १/R. हे फळ्यावर आधीच लिहून ठेवा.

रानवाट
पट्टीची कल्पना लगेच करता येण्यासारखी आहे. रिओस्टॅटचं काय करू?

प्रयोगवही
त्याच रिळातली २ मीटर तार लांब फळीवर तशीच ताणा आणि मंडलात एकसरीत जोडा. एक चिमटा टोकाला पक्का, दुसरा सरकता. सेल दोनच ठेवा. सरकता चिमटा पुढेमागे केला की प्रवाह ढोबळमानाने १०० ते ३०० मिलिअँपिअरमध्ये बदलतो, व्होल्टमीटर १ ते ३ व्होल्टमध्ये राहतो. सेल थोडे उतरलेले असले तर वाचनं जरा कमी येतील, चालतं. मोजायची १ मीटर तार मात्र कायम मंडलात हवी. सगळं मिळून १०–१५ सेंमीच तार उरली तर ती चटका बसण्याइतकी तापते.

जुन्या दोन रिओस्टॅटचीही जोडणी तपासा. खालचे दोन्ही स्क्रू वापरले तर सरक हलवून काहीच बदलत नाही. एक खालचा, एक वरच्या दांड्याचा.

सातवा तास
एका संचाभोवती ११ मुलं म्हणजे तिघं करणार आणि आठ बघणार. वर्ग अर्धा करा: २२ जण चार संचांवर, म्हणजे गटात पाच-सहा. उरलेले २२ फळ्यावरच्या तयार वाचनांचा आलेख काढतील. पुढच्या तासाला अदलाबदल. गटात एकाकडे कळ, एकाकडे सरकता चिमटा, दोघं वाचणारे, एक लिहिणारा, आणि दर वाचनाला कामं फिरवायची.

जोडणीचा क्रम ठरलेला असू द्या. आधी सेल, कळ, अमीटर आणि दोन्ही तारा यांचं एक वर्तुळ पूर्ण. व्होल्टमीटर सगळ्यात शेवटी. तुम्ही बघेपर्यंत प्लग बाहेर. व्होल्टमीटर एकसरीत गेला तर अमीटर जवळजवळ हलत नाही, नुकसान काही नाही. अमीटर चुकून सेलला समांतर लागला तर मात्र काटा आपटतो आणि कुंडल जळू शकतं. प्लग वाचनापुरताच घाला, नाहीतर दुसऱ्या तुकडीपर्यंत सेल बसतात.

तांब्याची तार
एखादा मीटर बंद असेल तर साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो. पण त्याच्या मिलिअँपिअरच्या छिद्राची मर्यादा बहुधा २०० असते, ३०० गेले की आतला फ्यूज उडतो. लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात घाला. वाचन ०.०१ अँपिअरपर्यंतच मिळेल, या प्रयोगाला तेवढं पुरतं.

आणि कपाट बंद करण्यापूर्वी सेल होल्डरमधून काढून ठेवा. सुट्टीत ते पाझरतात, स्प्रिंगवर पांढरा थर चढतो आणि पुढच्या वर्षी मंडल चालूच होत नाही. थर चढलाच असेल तर बारीक पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा.