विसाव्या शतकातल्या स्त्रीवादी बायकांच्या यादीत आपल्या शांताबाई का नाहीत?

चाटी गल्ली:
आठ मार्चला आमचा वाचनगट विसाव्या शतकातल्या दहा प्रभावी स्त्रीवादी बायकांवर बोलणार आहे. यादी ठरली: व्हर्जिनिया वूल्फ, सिमोन द बोव्हुआर, बेटी फ्रीडन, केट मिलेट, जर्मेन ग्रीअर... दहाच्या दहा परदेशी. कार्यक्रम सोलापुरात आणि सोलापूर जिल्ह्यातली एकही नाही, हे मला पटत नाही. सांगोला तालुक्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे १९४२ मध्ये जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली, १९८६ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. दलित स्त्रीचं पहिलं आत्मचरित्र म्हणून ते ओळखलं जातं. दूरदर्शनवर त्यावरून 'नाजुका' ही मालिकाही झाली. भूक, जात आणि बाईपण एकाच डोक्यावर असतं तेव्हा काय होतं, ते मला पहिल्यांदा या पुस्तकातून कळलं. फ्रीडनकडून नाही.

सात रस्ता:
शांताबाईंबद्दल आदर आहेच. पण प्रश्न प्रभावाचा आहे, जिल्ह्याच्या अभिमानाचा नाही. बोव्हुआरचं 'द सेकंड सेक्स' आलं १९४९ मध्ये. फ्रान्समध्ये बायका पहिल्यांदा मत देऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. बाई जन्मत नाही, ती घडवली जाते, हे तिनं मांडलं आणि 'बाईची जातच अशी' म्हणणाऱ्यांचा आधारच गेला. १९७१ मध्ये ३४३ बायकांनी 'आम्ही गर्भपात केला आहे' असं सह्यांनिशी जाहीर केलं, त्यात ती होती. तेव्हा तो गुन्हा होता. १९७५ मध्ये कायदा बदलला. प्रभाव म्हणतात तो हा. आणि ती आता परकीही नाही, करुणा गोखल्यांनी तिला मराठीत आणलंय.

विडी घरकुल:
मला दोघांचंही अर्धंच पटतंय. माझी आई चाळीस वर्षं विड्या वळली. पानं भिजवायची, कातरायची, दिवसभर हजाराचा हिशोब. माल द्यायला गेलं की छाट काढायचे, म्हणजे काही विड्या खराब म्हणून बाजूला टाकायचे, तेवढी मजुरी बुडायची. सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीत आम्ही सात जणं. मग २००६ मध्ये सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली आणि आईच्या नावावर घर आलं. वसाहतीला नाव गोदावरी परुळेकरांचं.

त्यानंतर मी वूल्फबाईंचं १९२९ चं 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक वाचलं. बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली पाहिजे. त्या पुस्तकात बोलणाऱ्या बाईला एका नातेवाईक बाईच्या वारशातून हे पैसे मिळतात. त्याच सुमारास बायकांना मताचा हक्कही मिळतो. ती म्हणते, दोन्हींत मला पैसाच मोठा वाटला. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "खरं हाय की. मत तर मी आधीपासनं टाकतीया. माझ्या नावाचं दार लई उशिरा मिळालं."

म्हणून वूल्फला काढू नका.

चाटी गल्ली:
ताई, तुमच्या आईचं वाक्य मी कार्यक्रमात सांगणार, परवानगी द्या. पण ती नातेवाईक बाई वारली कुठं, तेही सांगा ना. मुंबईत, हवा खायला निघाली असताना घोड्यावरून पडून! मुलूख कुणाचा होता? खोली कुणाच्या जिवावर मिळते, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या फ्रीडनचंही तेच. १९६३ मध्ये तिनं घरात कोंडलेल्या सुशिक्षित गृहिणीचं दुःख मांडलं. ते दुःख खरं होतं. पण या बायका नोकरीला गेल्यावर घर आणि पोरं कोण सांभाळणार, असं बेल हुक्सनं १९८४ मध्ये विचारलं. तीही अमेरिकेचीच, काळी बाई. आमच्या यादीत तीसुद्धा नाही.

जुनी मिल:
गोदावरीबाईंचं नाव निघालंय म्हणून बोलतो. कायद्याची पदवी घेतलेल्या या बाई १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या जंगलात गेल्या. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं सावकाराचे गुलाम व्हायचे, त्याला लग्नगडी म्हणत. ती प्रथा वारल्यांनी लढून मोडली. पण बाई कम्युनिस्ट होत्या, किसान सभेच्या. त्यांना आज स्त्रीवादी म्हणणं म्हणजे त्यांची लढाई दुसऱ्याच खात्यावर मांडणं.

विडी घरकुल:
सर, लग्नगड्याच्या बायकोला त्या गुलामीतून सोडवणं हे बायकांचं काम नव्हे, तर कुणाचं? शब्द त्यांनी वापरला नसेल. आईनंही कधी वापरला नाही.

सात रस्ता:
शब्दाला किंमत आहे, ताई. शब्द नव्हता म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या 'नशीब' म्हणत राहिल्या बायका. तो शब्द ज्यांनी दिला त्यांना खाली ढकलू नका, एवढंच म्हणणं आहे. शांताबाई घ्या, बेल हुक्स घ्या. मी ग्रीअरवर बोलणार होतो, माझी वीस मिनिटं शांताबाईंना देतो. बोव्हुआरची मात्र देणार नाही.

चाटी गल्ली:
वीस मिनिटं घेतली. पुस्तकातली पानं महूदच्या बोलीतच वाचायची आहेत, प्रमाण मराठी करून नाही. सांगोल्याकडचं कुणी वाचायला येईल का?