पाकिटामागचं बारीक वाचून खरंच काही फरक पडतो का?

बारीकअक्षर: बाबांचं बीपी वाढल्यापासून मी दुकानात पाकीट उलटं करून वाचायला लागलेय आणि घरचे हसतात. परवा त्यांच्यासाठी मल्टीग्रेन बिस्किटं घ्यायला गेले, पुढे गव्हाची लोंबी, ओट्स, अख्खं शेत छापलेलं, मागे बघते तर पहिलंच नाव रिफाइन्ड व्हीट फ्लोअर म्हणजे आपला मैदा, मग पामतेल, मग साखर, आणि ओट्स 4 टक्के! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियमच आहे, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी पाकीट ठेवायचं की घ्यायचं ते कळतं. पुढची बाजू बघूच नये असं माझं मत.

चहाबाज: दोन वर्षं केलंय हे सगळं. 'नो ॲडेड शुगर' वाचून आणलं की माणूस निर्धास्त होतो आणि दुप्पट हाणतो, निदान मी तरी. आणि पोषणाच्या तक्त्यात दिवसाच्या गरजेच्या किती टक्के ते लिहितात ना, तो आकडा असतो एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळच्या खाण्याचा, आणि सर्व्हिंग म्हणजे 2 बिस्किटं. 2 बिस्किटांवर थांबणारा माणूस दाखवा मला.

मेतकूटभात: म्हणून तर 100 ग्रॅमचा कॉलम बघायचा हो! बीपीवाल्यांनी फक्त सोडियम बघा, त्याला अडीचने गुणलं की मीठ. दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियम धरतात, म्हणजे 5 ग्रॅम मीठ, साधारण एक चहाचा चमचा. काल खाकऱ्याचं पाकीट बघितलं तर 100 ग्रॅमला 900, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ त्यातच गेलं आणि वर 'रोस्टेड' म्हणून मिरवतंय.

नाक्यावरचा: तुम्ही सगळे मॉलमध्ये चष्मा लावून गुणाकार करणारे लोक. आमच्या गल्लीतल्या दुकानात पोरं सुट्टे पैसे घेऊन येतात आणि छोटी पुडी घेऊन पळतात, त्यावरचं इंग्लिश मुंगीएवढं. पाकिटाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटक आणि पोषणाचा तक्ता न छापायची सूटच आहे, मोठ्या खोक्यावर असलं की झालं. ते खोकं गिऱ्हाईकाला कोण दाखवतंय? चिलीत 2016 पासून साखर, मीठ जास्त असलं की पाकिटावर समोरच काळा अष्टकोन छापावा लागतो, वाचता न येणाऱ्यालाही कळतो. आपल्याकडे 2022 मध्ये पदार्थ किती पौष्टिक त्यावरून पाकिटाला तारे द्यायच्या नियमाचा मसुदा आला. तारे!! हॉटेलसारखे. म्हणजे तळलेल्या चिप्सलाही एखादा तारा मिळणार आणि पोराला वाटणार बक्षीसच मिळालं. वाचायचं ओझं गिऱ्हाईकावर टाकून कंपन्या मोकळ्या, आणि तुम्ही त्यांचीच बाजू घेताय.

बारीकअक्षर: बाजू कुठे घेतली? अष्टकोन मलाही हवेत. पण ते येईपर्यंत बाबांनी काय करायचं?

चहाबाज: पोहे खायचे.

मेतकूटभात: मीठ आपल्या हातात राहतं, हे मात्र बरोबर.

बारीकअक्षर: पोह्यांवर शेव लागते ना त्यांना, मूठभर. आत्ताच जाऊन शेवेची पिशवी उलटी करून बघितली. घरगुती आहे, मागे एक मोबाईल नंबर आणि 'एकदा खाल तर पुन्हा याल', बाकी काही नाही.

चहाबाज: पुन्हा गेलात का मग?

बारीकअक्षर: तिसरी पिशवी आहे 😐